फळीवर न ठेवलेली गोळी

फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ सालबफ नावाचं एक खेडं आहे. १९९५ साली त्या गावात औषधांचं दुकान एकच होतं आणि ते दोन फार्मासिस्ट मिळून चालवत. त्या वर्षी जून महिन्यात तीन बायका डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे आल्या. चिठ्ठीवर गर्भनिरोधक गोळ्या लिहिलेल्या होत्या. दुकानदारांनी त्या द्यायला नकार दिला. चिठ्ठीत चूक नव्हती, गोळ्यांवर बंदी नव्हती, उधारीचाही प्रश्न नव्हता. आमच्या धर्मश्रद्धेत हे बसत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं.

बायका कोर्टात गेल्या. सबळ कारणाशिवाय ग्राहकाला माल नाकारता येत नाही, असं फ्रान्सचा ग्राहक कायदा सांगतो. दुकानदारांना दंड झाला आणि वरच्या कोर्टांतही तो कायम राहिला. तेव्हा ते स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. 'पिशाँ आणि सजूस विरुद्ध फ्रान्स' या नावाने तो खटला आज कायद्याच्या पुस्तकांत सापडतो. २ ऑक्टोबर २००१ रोजी न्यायालयाने त्यांचा अर्ज विचारात घेण्याजोगा नाही म्हणून फेटाळला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: या गोळ्या कायदेशीर आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात आणि औषधांच्या दुकानाशिवाय दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत. अशा वेळी विक्रेत्याने आपली श्रद्धा गिऱ्हाइकावर लादू नये. श्रद्धा पाळायला त्याला धंद्याबाहेर भरपूर वाव आहे.

या निकालाचा सगळा भार मक्तेदारीवर आहे आणि मला तो योग्य वाटतो. औषधविक्री हा इतर दुकानदारीसारखा मोकळा धंदा नाही. आपल्याकडे १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. किराणा दुकानदाराने किंवा शेजारच्या मावशींनी ते दिलं तर तो गुन्हा ठरतो. लोकांच्या जिवाशी खेळ होऊ नये म्हणून सरकारने बाकी सगळ्यांना बाजूला केलं आणि हा अधिकार एका शिकलेल्या माणसाच्या हाती दिला. रेशन दुकानदाराला वॉर्डातलं धान्य वाटण्याचा परवाना मिळतो, तेव्हा कुणाच्या घरात काय शिजावं हे ठरवण्याचा हक्क त्याला मिळत नाही. तेच इथेही लागू आहे.

पण फार्मासिस्टने कधी नकारच द्यायचा नाही, असा याचा अर्थ नाही. नकार देणं हा तर त्याच्या कामाचा भाग आहे. खाडाखोड केलेली चिठ्ठी, लहान मुलाला मोठ्या माणसाचा डोस, एकमेकांशी न जुळणारी दोन औषधं, महिन्यातून चौथ्यांदा झोपेच्या गोळ्या मागणारा माणूस, अशा वेळी जो थांबतो आणि डॉक्टरांना फोन लावतो तोच खरा फार्मासिस्ट. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांसाठी तर त्याला स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं लिहून ती वही ३ वर्षं जपायची असते. हा नकार रुग्णाच्या भल्यासाठी असतो आणि त्यामागचं कारण कुणालाही तपासून बघता येतं. सालबफमधल्या नकाराचं कारण विक्रेत्याच्या मनात होतं आणि तिथे रुग्णाला प्रवेश नव्हता.

या प्रश्नावर सर्वांत मोठा झगडा झाला तो अमेरिकेत. २००२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मेनॉमनी गावात एका मोठ्या दुकानातल्या फार्मासिस्टने एका विद्यार्थिनीला तिच्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या पुन्हा भरून द्यायला नकार दिला. इथपर्यंत मामला सालबफसारखाच होता. पण ती दुसऱ्या दुकानात गेली, तेव्हा तिची चिठ्ठी तिकडे वर्ग करायलाही त्याने नकार दिला. कारण त्याच्या मते तेही पापाला मदत करणंच होतं. राज्याच्या फार्मसी मंडळाने २००५ मध्ये त्याला ताकीद दिली आणि त्याच्या परवान्यावर अटी घातल्या. २००८ मध्ये अपील कोर्टानेही ती कारवाई मूलतः उचलून धरली. स्वतः हात न लावणं वेगळं आणि दुसऱ्याची वाट अडवणं वेगळं. अमेरिकन फार्मासिस्ट संघटनेने १९९८ मध्येच ही रेघ आखून ठेवली होती: फार्मासिस्टने व्यक्ती म्हणून बाजूला व्हावं, पण रुग्णाला औषध मिळेल अशी व्यवस्था आधीच केलेली असावी.

या भांडणात वेळेला फार किंमत आहे. ज्या गोळीवरून पुढचे बहुतेक खटले झाले ती संबंधानंतर घ्यायची आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये या औषधाची, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेलची, चाचणी प्रसिद्ध केली. पहिल्या २४ तासांत घेतलं तर अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी ५८ टक्के. शनिवारी संध्याकाळी दुकानदार 'नाही' म्हणाला आणि दुसरं दुकान सोमवारी उघडलं, तर त्या बाईचं काय गेलं ते या आकड्यांत लिहिलेलं आहे.

आता वॉशिंग्टन राज्याच्या राजधानीकडे, म्हणजे ऑलिम्पियाकडे वळू. तिथे 'राल्फ्स थ्रिफ्टवे' नावाचं एका कुटुंबाचं किराणा दुकान आहे आणि त्याच्या आत एक फार्मसी होती. २००६ मध्ये तिथे फोन आला: ही गोळी तुमच्याकडे मिळते का? मालकांनी माहिती काढली. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे फलित बीज रुजू न देणं म्हणजे जीव घेणं, असं मानून ही गोळी ठेवायचीच नाही असं त्यांनी ठरवलं. गावात निदर्शनं झाली, बहिष्काराची हाक दिली गेली. २००७ मध्ये राज्याच्या फार्मसी मंडळाने नियम केला. एखाद्या फार्मासिस्टला एखादं औषध द्यायचं नसेल तर त्याच्या जागी दुसऱ्याने द्यावं, पण दुकानाने कायदेशीर औषध वेळेत दिलंच पाहिजे. 'पलीकडच्या दुकानात जा' म्हणून चालणार नाही. मालकांनी आणि दोन फार्मासिस्टनी दावा लावला. २०१२ मध्ये जिल्हा न्यायालयात ते जिंकले, २०१५ मध्ये अपिलात हरले आणि २८ जून २०१६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

तीन न्यायमूर्तींनी मात्र असहमती नोंदवली. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी ती लिहिली आणि तिच्यातले मुद्दे हलके नाहीत. या दुकानापासून ५ मैलांच्या आत तीसहून अधिक दुकानांत ती गोळी मिळत होती. धंद्याच्या कारणासाठी एखादं औषध न ठेवायला नियमात सवलत होती, श्रद्धेच्या कारणासाठी मात्र नव्हती. मग हा नियम औषध मिळावं म्हणून केला, की श्रद्धाळूंना वठणीवर आणायला? त्यात आणखी एक अडचण आहे. 'दुसऱ्या फार्मासिस्टने द्यावं' हे मोठ्या दुकानात सोपं असतं. छोट्या दुकानात पाळीवर एकच माणूस असतो. त्याच्यासाठी मालक दुसरा नेमणार नाही, त्यालाच घरी पाठवील.

हे सगळं मान्य करूनही मी नियमाच्या बाजूने आहे. तीस दुकानांच्या शहरात हा नियम अनावश्यक वाटतो हे खरं. पण नियम राज्यभरासाठी असतो आणि त्या राज्यात एकाच दुकानाची गावंही असतात. शिवाय शेजाऱ्याकडे मिळतं या आधारावर एकाने नकार दिला, तर तोच आधार शेजाऱ्यालाही मिळतो. तिसऱ्या आणि चौथ्यालाही मिळतो. शेवटच्या दुकानाने काय करायचं, याचं उत्तर कुणालाच द्यावं लागत नाही.

इलिनॉय राज्यात उलटं घडलं. २००५ मध्ये राज्यपालांनी आदेश काढून गोळी देणं सक्तीचं केलं. २०१२ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने राज्याच्याच सदसद्विवेक संरक्षण कायद्याचा आधार घेऊन दावा लावणाऱ्या फार्मासिस्टना संरक्षण दिलं. एका देशात, एकाच गोळीबद्दल, दोन राज्यांत दोन न्याय. स्पेनने मधली वाट धरली. सेव्हिल शहरातल्या एका फार्मासिस्टने ही गोळी आणि कंडोम दोन्ही ठेवायला नकार दिला म्हणून त्याला ३,३०० युरो दंड झाला होता. २०१५ मध्ये स्पेनच्या घटना न्यायालयाने गोळीपुरता त्याचा विवेकाचा हक्क मान्य केला. कारण दुकान भर शहरात होतं आणि आसपास दुसरी दुकानं होती. कंडोमबाबत त्याचं म्हणणं फेटाळलं. कंडोममध्ये कोणता जीव जातो, हे त्याला सांगता येणार नव्हतं.

जीव जातो की नाही, हा मुद्दा मात्र नुसत्या श्रद्धेवर सोडता येत नाही. त्यात शरीरशास्त्र येतं. अमेरिकेत १९९९ मध्ये या गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा तिच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की ती फलित बीज गर्भाशयात रुजण्यालाही अडथळा आणत असावी. ऑलिम्पियाच्या मालकांचा आक्षेप नेमका याच गोष्टीला होता. पुढच्या संशोधनातून चित्र स्पष्ट होत गेलं: गोळी बीजकोशातून बीज बाहेर पडणं लांबवते, बीज रुजू लागलं की तिचा काही उपयोग होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माहितीपत्रकातून तो जुना मजकूर काढला आणि ही गर्भपाताची गोळी नाही, असं स्पष्ट केलं. म्हणजे त्या जुन्या मजकुराच्या आधारावर जे खटले दहा-दहा वर्षं लढले गेले, त्यांच्या पायाखालचं शास्त्र डळमळीत होतं. विवेकाच्या नावाने जो नकार देतो, त्याने आपली माहिती ताजी ठेवायलाच हवी. निदान एवढी अपेक्षा करणं गैर नाही.

नकाराची दुसरी बाजूही पाहायला हवी. नाहीतर हा सगळा प्रश्न संततिनियमनाविरुद्धच्या हट्टापुरताच आहे असा समज होईल. अमेरिकेत मृत्युदंड बहुतेक वेळा विषाच्या इंजेक्शनने देतात. त्यातलं भुलीचं औषध, सोडियम थायोपेंटाल, २०११ मध्ये तिथल्या एकमेव उत्पादकाने बनवणं थांबवलं. तुरुंगांनी परदेशात शोध सुरू केला आणि तो शोध मुंबईत येऊन पोचला. नेब्रास्काच्या तुरुंग खात्याने 'केयेम फार्मास्युटिकल्स' या मुंबईच्या कंपनीकडून ५०० ग्रॅम थायोपेंटाल घेतलं. आपलं औषध कशासाठी वापरलं जाणार आहे, याचा गवगवा झाल्यावर एप्रिल २०११ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे या कामासाठी ते विकणार नाही. कारण देताना तिने हिंदू जीवनमूल्यांचा आधार घेतला. पुढे मार्च २०१५ मध्ये अमेरिकन फार्मासिस्ट संघटनेनेही आपल्या सदस्यांना अशा कामात सहभागी होऊ नये असं सांगितलं.

मग त्या नकाराचं कौतुक आणि सालबफच्या नकाराचा निषेध, हा दुटप्पीपणा नाही का? मला तसं वाटत नाही. नकाराचा भुर्दंड कुणावर पडतो ते पाहावं. मुंबईच्या कंपनीने 'नाही' म्हटलं, तेव्हा अडलं ते सरकारचं आणि बुडाला तो कंपनीचा स्वतःचा धंदा. ज्याच्या शरीरात ते औषध जाणार होतं त्याने ते मागितलंच नव्हतं. सालबफमध्ये भुर्दंड पडला तो चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईवर. विवेकासाठी स्वतः किंमत मोजणारी माणसं महाराष्ट्राने पाहिली आहेत. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. हे काम कॉलेजच्या चालकांना पसंत नव्हतं. १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली आणि काम चालू ठेवलं. पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी खटलेही सोसले. आपल्या मतांचं बिल त्यांनी दुसऱ्या कुणाच्या नावावर फाडलं नाही.

आता आपल्याकडे काय आहे? औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारा २०१३ चा केंद्राचा आदेश आहे. त्याचा २८ वा परिच्छेद फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्यात म्हटलं आहे की औषधविषयक कायद्याच्या चौकटीत राहून, विक्रेत्याने त्याच्याकडे उपलब्ध असलेलं कोणतंही औषध घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाला नाकारू नये. डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारसंहितेत याहून स्पष्ट नियम आहे: केवळ धार्मिक कारणावरून संततिनियमन किंवा वैद्यकीय गर्भपातासाठी मदत नाकारता येत नाही. आपली राज्यघटनाही २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देताना सुरुवातीलाच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची अट घालते. कागदावर पाहिलं तर आपल्याकडे प्रश्न सुटलेला आहे.

पण तालुक्याच्या गावातलं मेडिकल डोळ्यासमोर आणा. संध्याकाळची वेळ, काउंटरवर चार-पाच माणसं, त्यातले दोघे ओळखीचे. एक मुलगी मागे उभी राहते, गर्दी कमी व्हायची वाट बघते, मग मोबाइलवर गोळीचं नाव टाइप करून स्क्रीन पुढे करते. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघतो, तिच्याकडे बघतो, तिच्या गळ्याकडे बघतो आणि म्हणतो, "नाहीये." किंवा "शॉर्ट आहे." किंवा "आम्ही ठेवत नाही, पुढे बघा." विवेक, धर्म, नीती यातलं काहीही तो उच्चारत नाही. भिंतीवर फ्रेममध्ये ज्याचं प्रमाणपत्र लावलेलं आहे तो फार्मासिस्ट दुकानात असेलच असंही नाही. मग नकार कुणाच्या विवेकाने दिला? गोळी खरंच संपली, की ड्रॉवरमध्ये आहे? मुलगी विचारत नाही. विचारण्याची हिंमत असती तर तिने नाव टाइप केलं नसतं.

परिच्छेद २८ मधली फट इथे दिसते. कायदा उपलब्ध असलेलं औषध द्यायला सांगतो. कोणतं औषध उपलब्ध ठेवायचं हे दुकानदारावर सोडतो. ऑलिम्पियातही वाद फळीचाच होता आणि सेव्हिलमध्येही. गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी, होलसेलरकडे ऑर्डर देताना निर्णय झालेला असतो. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी भारतात २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, टीव्हीवर तिच्या जाहिराती लागल्या. तरीही तमिळनाडूत वर्षानुवर्षं बहुतेक दुकानं ती ठेवत नव्हती.

महाराष्ट्रात हेच गर्भपाताच्या गोळ्यांचं झालं आणि तिथे विवेकाच्या जागी भीती आली. २०११-१२ च्या सुमारास बीड जिल्ह्यातली स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणं उघडकीस आली. राज्यभर संताप उसळला आणि तो रास्त होता. अन्न व औषध प्रशासनाने या गोळ्यांच्या विक्रीवर नजर ठेवली, तपासण्या सुरू झाल्या. चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणारे दुकानदार होतेच, त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण कागदपत्रांची कटकट आणि परवाना जाण्याची धास्ती यामुळे अनेक दुकानदारांनी चिठ्ठीवर द्यायलाही गोळ्या ठेवणं सोडलं. यात एक मोठी चूक झाली. या गोळ्या कायद्याप्रमाणे गर्भाच्या ९ आठवड्यांपर्यंतच वापरायच्या असतात आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळायला साधारण १२-१३ आठवडे जावे लागतात. म्हणजे मुदतीत घेतलेल्या गोळीचा लिंगनिवडीशी संबंध जुळत नाही. मुलगी वाचवायच्या नावाखाली दुकानातून जे गेलं, ते बहुतांशी लिंग कळण्याच्या आधीच्या बायकांसाठीचं औषध होतं. त्यातलं मिसोप्रोस्टॉल तर बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायलाही वापरतात.

अमेरिकेतही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर काही ठिकाणी संधिवाताच्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट मिळेनासं झालं. कारण त्या औषधाने गर्भपातही होऊ शकतो. जुलैमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याला देशातल्या सुमारे ६०,००० औषध दुकानांसाठी लेखी सूचना काढावी लागली. भीतीने दिलेला नकार आणि श्रद्धेने दिलेला नकार काउंटरच्या अलीकडून अगदी सारखे दिसतात.

म्हणून औषधविक्रेत्यांना माझी एक मागणी आहे. एखादं कायदेशीर औषध तुम्ही ठेवणार नसाल, तर तसं दाराशी पाटी लावून सांगा आणि ते जवळ कुठे मिळेल त्या दुकानाचं नाव त्याखाली लिहा. ज्याला आपल्या विवेकाची लाज वाटत नाही त्याला पाटी जड जाऊ नये. गावात दुकान एकच असेल, तर मात्र पाटी पुरेशी नाही. तिथे औषध ठेवावंच लागेल.

वाचकांनाही एक सांगणं आहे. आपत्कालीन गोळी आशाताईंकडेही मिळते, हे घरातल्या मुलींना आणि सुनांना माहीत करून द्या. तुमच्या भागातल्या मेडिकलमध्ये काय मिळतं आणि काय मिळत नाही, याची चौकशी गरज पडण्याआधी, शांतपणे, सगळ्यांसमोर करून ठेवा. माल असून नाकारला तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तीत २०१३ च्या आदेशातल्या २८ व्या परिच्छेदाचा उल्लेख करा.